विंडोजचा ड्रायव्हर लिनक्सवर चालतो, पण तुमच्या तिन्ही लॅपटॉपांना तो लागणार नाही

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. शाळेला तीन जुने लॅपटॉप भेट मिळाले. तिन्हींवर तुम्ही ६४ बिट डेबियन हे लिनक्स बसवलंत, पण एकावरही वायफाय लागेना. कुणीतरी सांगितलं की विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्सवर चालवता येतो, त्यासाठी एनडीआयएस-रॅपर नावाचा प्रोग्राम आहे. तो तुम्ही सोर्समधून बांधून घेतलात आणि जुन्या सीडीवरचा विंडोज एक्सपीचा ड्रायव्हर त्याला दिलात. पहिल्या लॅपटॉपवर 'ड्रायव्हर इन्स्टॉल्ड, डिव्हाइस प्रेझेंट' असं उत्तर आलं, तरी नेटवर्कच्या यादीत काहीच दिसेना. दुसऱ्यावर 'इनव्हॅलिड ड्रायव्हर'. तिसऱ्यातलं आतलं कार्ड कुणीतरी काढून घेतलेलं, म्हणून बाजारातून यूएसबी डोंगल आणलात, तर तो संगणकाला सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतो. चार रात्री यात गेल्या आणि सोमवारी मुलं विचारणार आहेत.

आधी उत्तर सांगतो, कारणं मागून. तिन्ही यंत्रांना विंडोजचा ड्रायव्हर लागत नाही. पहिल्याला फर्मवेअर हवं आहे. दुसऱ्याला फर्मवेअर, शिवाय कडेची एक खिट्टी सरकवायची आहे. तिसऱ्याला एक कमांड आणि थोडं नवं कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा. तुमचे कष्ट मात्र फुकट गेलेले नाहीत, कारण तुम्ही पाठवलेल्या नोंदींवरूनच हे मला सांगता येतंय.

खाली कमांड मी देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाईप करायच्या.

वायरलेस कार्डाच्या बाबतीत पहिली गोष्ट म्हणजे खोक्यावरचं नाव विसरायचं. लॅपटॉपची कंपनी, कार्डाचं मॉडेल, स्टिकर यांपैकी कशावरूनही ड्रायव्हर ठरत नाही. ठरतो तो चिपवरून, आणि चिप ओळखायची तिच्या आयडीवरून. आतल्या कार्डासाठी 'एलएसपीसीआय -एनएन', यूएसबीसाठी 'एलएसयूएसबी'. दोन्हींत चार-चार अक्षरांच्या दोन जोड्या दिसतात, मधे विसर्गासारखी दोन टिंबं. पहिली जोडी कंपनीची, दुसरी चिपची. १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, ८०८६ म्हणजे इंटेल, १६८सी म्हणजे एथेरॉस, यूएसबीवर ०बीडीए म्हणजे रिअलटेक. हे मी २००६ साली फार महागात शिकलो. तेव्हा एक पीसी कार्ड विकत आणलं होतं. त्याच नावाचं, त्याच रंगाच्या खोक्यातलं कार्ड एका मित्राकडे पहिल्या झटक्यात चाललं होतं. माझं चालेना. आठवडाभराने आयडी पाहिला तेव्हा कळलं की खोकं तेच ठेवून आत दुसऱ्याच कंपनीची चिप घातली होती. हा प्रकार आजही चालतो. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या डोंगलच्या पहिल्या आवृत्तीत एथेरॉसची एआर९२७१ चिप होती, दुसऱ्या आवृत्तीपासून रिअलटेकची आली. नाव एकच, लिनक्सवरची वागणूक पूर्ण वेगळी.

तुमच्या यादीत पहिल्या लॅपटॉपचा आयडी १४ई४:४३११ आहे. दुसऱ्याचा ८०८६:४२२२. डोंगलचा ०बीडीए:१ए२बी. एवढं पुरेसं आहे.

पुढच्या सगळ्या कामाला थोडा वेळ इंटरनेट लागेल, आणि वायफाय तर नाही. शाळेत केबल नसेल तर तुमचा अँड्रॉइड फोन यूएसबीने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. लिनक्सला त्यासाठी वेगळं काही बसवावं लागत नाही, अर्ध्या मिनिटात तारेचं नेटवर्क आल्यासारखं दिसतं. अनेक फोन यासाठी आरएनडीआयएस ही पद्धत वापरतात. तिच्यातलं एनडीआयएस आणि तुम्ही चार रात्री ज्याच्याशी झुंजलात ते एनडीआयएस एकच. मायक्रोसॉफ्ट आणि थ्रीकॉम यांनी मिळून ठरवलेला, नेटवर्क ड्रायव्हरने विंडोजशी कसं बोलायचं याचा तो करार आहे.

आता पहिला लॅपटॉप. ब्रॉडकॉमची ४३११ ही चिप २००६-०७च्या सुमाराच्या एचपी, कॉम्पॅक आणि डेलच्या खूप लॅपटॉपांत होती, आणि लिनक्सवाल्यांना या घराण्याने जितकं रडवलं तितकं दुसऱ्या कुणी नाही. ब्रॉडकॉमने चिपची माहितीच दिली नव्हती. शेवटी काही जणांनी कंपनीचा ड्रायव्हर चिपशी काय बोलतो ते बाहेरून तपासून त्याचं वर्णन लिहिलं, आणि ते वर्णन वाचून दुसऱ्यांनी ड्रायव्हर लिहिला. तो बीसीएम४३एक्सएक्स या नावाने २००६च्या जूनमध्ये कर्नल २.६.१७मध्ये आला. पुढे २००८च्या जानेवारीत २.६.२४मध्ये त्याची जागा बी४३ने घेतली, फार जुन्या चिपांसाठी बी४३लेगसी वेगळा झाला. तुमच्या डेबियनमध्ये बी४३ आधीपासून आहे. मग वायफाय का नाही? कारण ड्रायव्हर म्हणजे अर्धंच काम. कार्डावर स्वतःचा एक छोटा प्रोसेसर असतो आणि चालू करताना दर वेळी त्याला त्याचा प्रोग्राम भरवावा लागतो. तो प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर. या जुन्या चिपांचं फर्मवेअर इतरांनी वाटायला ब्रॉडकॉमने परवानगी दिली नाही, त्यामुळे डेबियनच्या सीडीवर ते येऊ शकत नाही. डेबियन १२पासून इन्स्टॉलरमध्ये मुक्त नसलेलं फर्मवेअरही घातलं जातं, पण हे त्यातही नाही.

'डीमेसेज' (रोमनमध्ये डी-एम-ई-एस-जी) चालवून पाहा, कर्नलच्या नोंदी त्यात दिसतात. बी४३ लोड झाला असेल तर तिथे 'बी४३/यूकोड५.एफडब्ल्यू नॉट फाउंड' किंवा तशीच, यूकोड१३ची ओळ दिसेल. ती ओळ म्हणजे अर्धा आजार बरा झाला असं समजा, कारण ड्रायव्हरने कार्ड ओळखलं आहे आणि फक्त खाऊ मागतो आहे.

करायचं ते असं. प्रथम एनडीआयएस-रॅपरचं सगळं काढा: 'एनडीआयएसरॅपर -आर बीसीएमडब्ल्यूएल५' ने ड्रायव्हर, 'मॉडप्रोब -आर एनडीआयएसरॅपर' ने मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडलेला त्याचा तुकडा. मग 'ईटीसी' फोल्डरातल्या 'मॉडप्रोब डॉट डी' मध्ये पाहा. रॅपरची स्वतःची फाइल तिथे असेल ती पुसा. आणि कुठला तरी सल्ला वाचून तुम्ही बी४३ किंवा त्याच्याखालचं एसएसबी यांना ब्लॅकलिस्टमध्ये, म्हणजे लोड न करण्याच्या यादीत, घातलं असेल तर त्या ओळीही पुसा. या ओळी विसरल्या जातात आणि मग पुढचं सगळं बरोबर करूनही कार्ड मेलेलंच राहतं. असे कितीतरी लॅपटॉप माझ्याकडे आले आहेत. मग पॅकेजच्या सूचीत 'कॉन्ट्रिब' हा विभाग चालू करा, 'एपीटी अपडेट' करा आणि 'फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर' हे पॅकेज बसवा. ते स्वतः ब्रॉडकॉमचा एक जुना ड्रायव्हर उतरवून घेतं, बी४३-एफडब्ल्यूकटर नावाच्या हत्याराने त्यातून फर्मवेअर कापून काढतं आणि 'लिब' मधल्या 'फर्मवेअर' फोल्डरात 'बी४३' नावाखाली ठेवतं. उतरवण्याचं काम पॅकेज बसतानाच होतं, म्हणून फोन जोडलेला असू द्या. नंतर 'मॉडप्रोब -आर बी४३' आणि 'मॉडप्रोब बी४३'. रीस्टार्ट केलंत तरी चालेल.

एक गोष्ट आणखी. तुम्ही यादीत 'डब्ल्यूलॅन०' शोधत होतात. नव्या डेबियनमध्ये नाव तसं नसतं. 'डब्ल्यूएलपी' ने सुरू होणारं काहीतरी असेल, यूएसबी डोंगलचं तर 'डब्ल्यूएलएक्स' आणि पुढे कार्डाचा लांबलचक पत्ता. 'आयपी लिंक' ने पाहा.

मग एनडीआयएस-रॅपरने 'ड्रायव्हर इन्स्टॉल्ड' का म्हटलं आणि तरी काहीच का झालं नाही? इथे जरा थांबतो, कारण हे समजलं की पुढच्या वेळी नोंद वाचून तुम्हीच निदान कराल.

एनडीआयएस-रॅपर पाँटस फुक्स यांनी २००३च्या सुमारास सुरू केला आणि पुढे बरीच वर्षं गिरिधर पेम्मसानी यांनी तो वाढवला. कल्पना धाडसी होती. विंडोजच्या ड्रायव्हरची मुख्य फाइल, म्हणजे शेवटी 'सिस' असलेली, ही शेवटी प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनाच असते. प्रोसेसर तोच आहे. फरक एवढाच की त्या फाइलला हाका मारायला विंडोजची माणसं लागतात: मेमरी दे, टायमर लाव, कुलूप घाल, रजिस्ट्रीतून ही सेटिंग वाच, हे पॅकेट वर पाठव. या हाका एनटीओएसकर्नल, हॅल, एनडीआयएस अशा नावांनी जातात. एनडीआयएस-रॅपर लिनक्सच्या कर्नलमध्ये बसून त्या प्रत्येक नावाचा मुखवटा घालतो. ड्रायव्हरची फाइल मेमरीत मांडतो, तिच्या मागण्यांच्या यादीत स्वतःच्या फंक्शनचे पत्ते भरतो, आणि ड्रायव्हरला शेवटपर्यंत वाटत राहतं की आपण एक्सपीमध्येच आहोत. शेवटी 'आयएनएफ' असलेल्या फाइलमधल्या सेटिंग तो आधीच वाचून 'ईटीसी' मधल्या 'एनडीआयएसरॅपर' फोल्डरात लिहून ठेवतो, तीच ड्रायव्हरची रजिस्ट्री.

हे एम्युलेशन नव्हे. कुठेही भाषांतर होत नाही, विंडोजचा कोड थेट प्रोसेसरवर धावतो. म्हणून वेग चांगला मिळतो आणि म्हणूनच अटीही कडक आहेत. इंटेल किंवा एएमडीच्या एक्स८६ प्रोसेसरशिवाय हे चालत नाही, रास्पबेरी पायवर तर शक्यच नाही. आणि ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिट कर्नलमध्ये धावू शकत नाही. ६४ बिटमध्ये तर आणखी गुंता आहे: फंक्शनला हाक मारताना विंडोज पहिली चार मूल्यं एका ठरावीक क्रमाच्या रजिस्टरांत ठेवतं, लिनक्स पहिली सहा मूल्यं वेगळ्याच क्रमाने. त्यामुळे प्रत्येक हाकेच्या मधे मूल्यं इकडची तिकडे करणारा एक छोटा दुभाषी बसवावा लागला आहे. एवढं करूनही हे चालतं, यासाठी मला त्या माणसांबद्दल आजही आदर वाटतो.

आता तुमची नोंद पाहा. त्यात एक ओळ आहे: कर्नल ६४ बिट आहे, पण विंडोज ड्रायव्हर ६४ बिट नाही, 'बॅड मॅजिक ०१०बी'. विंडोजच्या फाइलच्या माथ्यावर एक आकडा असतो. ३२ बिटला ०१०बी, ६४ बिटला ०२०बी. तुमच्या सीडीवरचा ड्रायव्हर साध्या ३२ बिट एक्सपीचा होता. 'एनडीआयएसरॅपर -एल' ही कमांड फक्त एवढंच पाहते की फाइली जागेवर आहेत का आणि आयडी जुळतो का. ड्रायव्हर प्रत्यक्ष लोड होतो का हे ती पाहत नाही. म्हणून तिचं 'इन्स्टॉल्ड, प्रेझेंट' हे उत्तर म्हणजे नाव हजेरीपटावर आहे, मूल वर्गात आहे की नाही ते वेगळं. खरी परीक्षा 'मॉडप्रोब' नंतरच्या 'डीमेसेज' मध्येच होते. आधीच तपासायचं असेल तर 'फाइल' ही कमांड सिस फाइलवर चालवा: 'पीई३२' आणि '८०३८६' दिसलं तर ३२ बिट, 'पीई३२' पुढे अधिकचं चिन्ह आणि 'एक्स८६-६४' दिसलं तर ६४ बिट.

'इन्स्टॉल्ड, प्रेझेंट' या उत्तरातच कंसात 'ऑल्टरनेट ड्रायव्हर: एसएसबी' असंही आलं होतं. तो सगळ्यात उपयोगी शब्द होता, आणि बहुतेक जण तो वाचतच नाहीत. या कार्डासाठी कर्नलकडे स्वतःचा ड्रायव्हर आधीच आहे, असं रॅपर स्वतःहून सांगत होता.

दुसरा लॅपटॉप. ८०८६:४२२२ म्हणजे इंटेलचं प्रो वायरलेस ३९४५एबीजी. त्याला विंडोजचा ड्रायव्हर शोधणं म्हणजे घरात विहीर असताना टँकर मागवणं. इंटेलचा आयडब्ल्यूएल३९४५ हा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. 'फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय' पॅकेज बसवा. डेबियन १२ किंवा पुढचं असेल तर ते 'नॉन-फ्री-फर्मवेअर' विभागात आहे, आधीचं असेल तर 'नॉन-फ्री' मध्ये. 'इनव्हॅलिड ड्रायव्हर' का आलं, तर तुम्ही डब्ल्यू३९एन५१ ही आयएनएफ फाइल एकटीच डेस्कटॉपवर काढून रॅपरला दिलीत. सिस फाइल तिच्याशेजारी नव्हती, म्हणून नोंदणी अर्धवट झाली.

तुम्ही आणखी एक ओळ पाठवली होती: 'ऑपरेशन नॉट पॉसिबल ड्यू टू आरएफ-किल'. तिच्याकडे दुर्लक्ष झालं. तिचा अर्थ रेडिओ बंद आहे. 'आरएफकिल लिस्ट' चालवा. 'सॉफ्ट ब्लॉक्ड' ला 'येस' असेल तर 'आरएफकिल अनब्लॉक ऑल' ने सुटतं. 'हार्ड ब्लॉक्ड' ला 'येस' असेल तर कुठल्याही कमांडने सुटणार नाही, लॅपटॉपच्या पुढच्या किंवा बाजूच्या कडेला बारीक खिट्टी असते ती सरकवावी लागते. भेट आलेल्या यंत्रांत ती कित्येकदा पिशवीत घासून बंद झालेली असते. वायफायसाठी आणलेल्या लॅपटॉपांपैकी काही मी फक्त नखाने दुरुस्त केले आहेत.

आता तिसऱ्या लॅपटॉपचा डोंगल. ०बीडीए:१ए२बी हा वायफायचा आयडीच नाही. डोंगलमध्ये विंडोजच्या ड्रायव्हरची एक छोटी सीडी भरलेली असते आणि जोडल्यावर तो आधी सीडी म्हणून पुढे येतो, म्हणजे विंडोजवाल्याला वेगळी सीडी शोधावी लागू नये. विंडोजवर ड्रायव्हर बसला की तो वेश बदलतो. लिनक्सवर आपणच सांगायचं. 'यूएसबी-मोडस्विच' हे पॅकेज बसवा आणि 'यूएसबी_मोडस्विच -के -व्ही ०बीडीए -पी १ए२बी' चालवा. यात पहिला 'के' मोठ्या लिपीतला, बाकीची अक्षरं लहान. पुष्कळदा फाइल मॅनेजरमध्ये ती सीडी 'इजेक्ट' केली तरी तेच घडतं. मग 'एलएसयूएसबी' पुन्हा चालवा. आता दिसेल तो खरा आयडी. तो ०बीडीए:सी८११ आला तर चिप ८८११सीयू किंवा ८८२१सीयू जातीची आहे आणि तिचा ड्रायव्हर, आरटीडब्ल्यू८८, कर्नल ६.२पासून यूएसबीवर चालतो. डेबियन १२चं मूळ कर्नल ६.१ आहे, त्यामुळे बॅकपोर्ट्समधलं, म्हणजे जुन्या डेबियनसाठी नवी पॅकेजं देणाऱ्या विभागातलं, नवं कर्नल घ्यावं लागेल, सोबत 'फर्मवेअर-रिअलटेक'. दुसरा आयडी आला तर मला कळवा. पण एक नक्की, या डोंगलमधल्या सीडीवरचा ड्रायव्हर नव्या विंडोजसाठी आहे, आणि तो एनडीआयएस-रॅपरवर कधीच चालणार नाही. रॅपरला एक्सपीच्या काळातलं एनडीआयएस ५ कळतं. व्हिस्टाबरोबर एनडीआयएस ६ आलं, त्यात ड्रायव्हरने आपली नोंदणी करण्याची पद्धतच बदलली. तसा ड्रायव्हर दिलात तर नोंदीत 'अननोन सिम्बॉल' च्या ओळींची रांग लागते. फाइलच्या नावावरूनही अंदाज येतो: ब्रॉडकॉमचा बीसीएमडब्ल्यूएल५ हा एक्सपीचा, बीसीएमडब्ल्यूएल६ हा व्हिस्टाचा.

मग एनडीआयएस-रॅपर आज कशासाठी? खरं सांगायचं तर फार थोड्या वेळा. ज्या चिपला कर्नलमध्ये ड्रायव्हर नाही, कंपनीचा स्वतःचा लिनक्स ड्रायव्हर नाही, तिचा एक्सपीचा ड्रायव्हर तुमच्याकडे आहे आणि दुसरा डोंगल घेण्याची सोय नाही, तेव्हाच. २००४ साली हे चित्र उलट होतं. इंटेलचे वायफायवाले सेंट्रिनो लॅपटॉप बाजारात आले होते पण लिनक्सचे ड्रायव्हर मागे होते, आणि रॅपर हाच पुष्कळांचा एकमेव मार्ग होता. फ्रीबीएसडी या लिनक्ससारख्याच दुसऱ्या मुक्त प्रणालीवर बिल पॉल यांनी असंच काम 'प्रोजेक्ट ईव्हिल' या नावाने केलं होतं. पुढे रालिंकच्या चिपांसाठी आरटी२एक्स०० हा मुक्त ड्रायव्हर, एथेरॉससाठी एथ५के, मग खुद्द एथेरॉसने २००८मध्ये दिलेला एथ९के, २०१०मध्ये ब्रॉडकॉमनेही नव्या चिपांसाठी मुक्त ड्रायव्हर, असं करत गरज ओसरली. फ्रीबीएसडीने तर पुढे आपलं ते काम काढूनच टाकलं.

कधी वेळ आलीच तर क्रम असा ठेवा. ड्रायव्हर 'एक्सई' मध्ये बांधलेला असेल तर 'अनझिप' किंवा 'कॅबएक्स्ट्रॅक्ट' ने उघडा, इन्स्टॉलशील्डचा असेल तर 'अनशील्ड' ने. एक्सपीचं फोल्डर निवडा, आणि ६४ बिट कर्नल असेल तर एक्सपी एक्स६४चं. आयएनएफ फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून तुमचा आयडी तिच्यात आहे याची खात्री करा. आयएनएफ, सिस आणि असतील त्या 'बिन' फाइली एका फोल्डरात ठेवा. मग कर्नलचा आपला ड्रायव्हर उतरवा, 'एनडीआयएसरॅपर -आय' पुढे आयएनएफचं नाव, मग 'एनडीआयएसरॅपर -एल', मग 'मॉडप्रोब एनडीआयएसरॅपर', आणि लगेच 'डीमेसेज'. सगळं नीट चालल्यावरच 'एनडीआयएसरॅपर -एम' आणि ब्लॅकलिस्ट, आधी नाही.

यात एक फसगत आहे जी मी स्वतः केली आहे. ब्रॉडकॉमच्या कार्डापुढून बी४३ हटवायचा तर त्याच्याखालचं एसएसबीही उतरवावं लागतं. पण कित्येक लॅपटॉपांत तारेचं नेटवर्क कार्डही ब्रॉडकॉमचं असतं आणि त्याचा बी४४ ड्रायव्हर त्याच एसएसबीवर उभा असतो. एसएसबी ब्लॅकलिस्ट केलं की तारेचं नेटही गेलं, आणि ज्या तारेवरून तुम्ही उपाय शोधत होता तीच तुटली. उपाय असा की बी४४, बी४३ आणि एसएसबी तिन्ही उतरवायचे, आधी रॅपर लोड करायचा म्हणजे वायरलेस कार्ड त्याच्या ताब्यात जातं, आणि मग बी४४ परत लोड करायचा.

यंत्र अचानक गोठलं आणि कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकू लागला, तर कर्नल पडलं आहे. त्या २००६च्या पीसी कार्डाने मला हेच दाखवलं होतं. विंडोजचे ड्रायव्हर १२ केबीपर्यंतचा स्टॅक, म्हणजे काम करताना लागणारी तात्पुरती जागा, गृहीत धरतात, आणि त्या काळी ३२ बिट लिनक्सची काही कर्नल फक्त ४ केबी देत होती. माझं तसंच होतं. दर वेळी जोडणी झाली की दोन मिनिटांत दिवा लुकलुके, आणि मी बिचाऱ्या कार्डाला दोष देत राहिलो. ८ केबीचं कर्नल बांधलं तेव्हा ते शांत झालं.

रॅपर वापरताना कर्नल स्वतःवर 'टेंटेड', म्हणजे डागाळलेलं, असा शिक्का मारून घेतं. रॅपरचा स्वतःचा कोड मुक्त आहे, पण तो बंद कोड आत आणतो, म्हणून कर्नलच्या सोर्समध्ये त्याचं नाव घेऊन हा शिक्का लिहिलेला आहे. शिक्का असलेल्या यंत्राची तक्रार कर्नलवाले सहसा पाहत नाहीत, आणि त्यात त्यांची चूक नाही. आत काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही. शिवाय कर्नल बदललं की रॅपर पुन्हा बांधावा लागतो आणि नव्या कर्नलांवर तो बांधलाच जात नाही असं वारंवार होतं. कार्ड हॉटस्पॉट म्हणून वापरायचं असेल तर ते रॅपरवर होत नाही, आणि डब्ल्यूपीए३ या वायफायच्या नव्या सुरक्षा पद्धतीचीही आशा ठेवू नका.

याहून गंभीर गोष्ट सुरक्षेची आहे, आणि शाळेचं यंत्र असल्यामुळे ती मी आग्रहाने सांगतो. २००६च्या नोव्हेंबरात ब्रॉडकॉमच्या बीसीएमडब्ल्यूएल५ या ड्रायव्हरमध्ये एक भोक जाहीर झालं. नेटवर्कचं नाव मुद्दाम जास्त लांब असलेलं एक उत्तर हवेतून पाठवलं की ड्रायव्हरची मेमरी फुटायची आणि पाठवणाऱ्याचा कोड थेट कर्नलच्या हक्काने चालू शकायचा. लॅपटॉप कुठल्या नेटवर्कला जोडलेला असायचीही गरज नव्हती. तोच ड्रायव्हर लिनक्सवर रॅपरमधून चालवणाऱ्यांनाही धोका तोच होता. तुमच्या सीडीवर नेमका हाच ड्रायव्हर आहे, आणि सीडीवरची फाइल कधी अपडेट होत नाही. बी४३ मात्र कर्नलबरोबर सुधारत राहतो. मुलांच्या हातातल्या यंत्रावर मी ती सीडी वापरणार नाही.

कुणी तुम्हाला ब्रॉडकॉमचाच 'डब्ल्यूएल' ड्रायव्हर सुचवेल, डेबियनमध्ये 'ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस' या नावाचा. तो ४३११वर चालतो, पण तोही बंद कोडचा आहे, २०१५नंतर पुढे सरकलेला नाही, आणि बसताना बी४३ आणि एसएसबी दोघांनाही ब्लॅकलिस्टमध्ये घालतो. बी४३ने काम होत असताना त्याच्या वाटेला जाऊ नका.

पुढे कधी आतलं कार्ड बदलायचा विचार केलात तर आधी चौकशी करा. त्या काळच्या काही लॅपटॉपांच्या बायोसमध्ये मान्य कार्डांची यादी असते आणि यादीबाहेरचं कार्ड दिसलं की यंत्र सुरूच होत नाही. त्यापेक्षा साधा डोंगल बरा. एआर९२७१ चिपचा मिळाला तर डोळे झाकून घ्या, त्याचं फर्मवेअरसुद्धा मुक्त आहे. रालिंकची आरटी५३७० किंवा मीडियाटेकची एमटी७६०१यू असली तरी चालेल. दुकानात चिप सांगत नाहीत, म्हणून परत घेण्याची बोली करूनच घ्या आणि दुकानातच 'एलएसयूएसबी' चालवून पाहा.

हे सगळं झालं आणि यादीत शेजाऱ्यांची नेटवर्क दिसली पण शाळेचं दिसलं नाही, तर दोष राउटरच्या चॅनलचा असतो. तुमचं पहिलं कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्‌झ ओळखतं, त्यामुळे राउटरवर किंवा फोनच्या हॉटस्पॉटवर ५ गिगाहर्ट्‌झ निवडलेलं असेल तर त्याला ते दिसणारच नाही. आणि भारतात चॅनल १ ते १३ वापरता येतात, पण अमेरिकेसाठी बांधलेली कार्डं ११च्या पुढे ऐकत नाहीत. राउटर आपोआप १२ किंवा १३वर गेला की एका लॅपटॉपला तो दिसतो आणि शेजारच्याला नाही. 'आयडब्ल्यू रेग सेट आयएन' करून पाहा, आयएन मोठ्या लिपीत. तेवढ्याने नाही झालं तर राउटरमध्ये चॅनल हाताने १, ६ किंवा ११वर बांधून टाका.

सोमवारपर्यंत वेळ कमी आहे, म्हणून दुसरा लॅपटॉप आधी घ्या, तो दहा मिनिटांचा आहे. मग पहिला. डोंगल शेवटी ठेवा, आणि मोडस्विचनंतरचा आयडी व 'डीमेसेज' च्या शेवटच्या वीसेक ओळी इथेच लिहा. मी रात्री बघतो.